आयव्हर जेनिंग्ज

सर विल्यम आयव्हर जेनिंग्ज (१६ मे १९०३ - १९ डिसेंबर १९६५) हे ब्रिटिश विधिज्ञ, प्राध्यापक व राज्यघटनेचे अभ्यासक होते. स्थानिक शासन, गृहनिर्माण आणि नगररचना यांच्या कायद्यांचा अभ्यास करून त्यांनी इंग्लंडमध्ये प्रशासकीय कायद्याला अभ्यासविषय म्हणून प्रतिष्ठा मिळवून देण्यास हातभार लावला. सिलोन (आताचे श्रीलंका) विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू होते.

शिक्षण व अध्यापन

जेनिंग्ज यांचा जन्म ब्रिस्टल येथे झाला. केंब्रिजच्या सेंट कॅथरिन्स महाविद्यालयात त्यांचे उच्च शिक्षण झाले. १९२५ पासून लीड्स विद्यापीठात आणि १९२९ पासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी कायद्याचे अध्यापन केले.

प्रशासकीय व नियोजन कायदा

शासन व नागरिक या दोघांनाही एकच कायदा आणि एकच न्यायालय लागू असल्याने इंग्लंडमध्ये फ्रान्ससारखा प्रशासकीय कायदा नाही, हे ए. व्ही. डायसी यांचे १८८५ मधील प्रतिपादन दीर्घकाळ प्रमाण मानले जात होते. मात्र गलिच्छ वस्त्यांचे निर्मूलन, सार्वजनिक आरोग्य व नगररचना यांसाठी संसदेने मंत्र्यांना नियम करण्याचे आणि वाद निकाली काढण्याचेही अधिकार दिले होते. १९२९ साली सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी 'द न्यू डेस्पोटिझम' या पुस्तकात या अधिकारांवर कडक टीका केली.

जेनिंग्ज यांनी विरुद्ध बाजू मांडली. गृहनिर्माण, सार्वजनिक आरोग्य आणि नगररचना या कायद्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. 'द लॉ अँड द कॉन्स्टिट्यूशन' (१९३३) या ग्रंथात त्यांनी डायसींच्या सिद्धान्तामागील एकोणिसाव्या शतकातील व्यक्तिवादी गृहीतके दाखवून दिली. गृहनिर्माण कायद्यांविषयीच्या १९३६ मधील लेखात, न्यायालये सार्वजनिक हितापेक्षा खासगी मालमत्तेला झुकते माप देतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. 'कॅबिनेट गव्हर्नमेंट' (१९३६) व 'पार्लमेंट' (१९३९) हे त्यांचे अन्य महत्त्वाचे ग्रंथ होत.

सिलोन

१९४१ मध्ये जेनिंग्ज कोलंबोच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य झाले. १९४२ साली स्थापन झालेल्या सिलोन विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी १९५५ पर्यंत सांभाळले. विद्यापीठाचा पेराडेनिया येथील परिसर त्यांच्याच कारकिर्दीत उभा राहिला. त्याच्या नियोजनात लंडनच्या पुनर्रचनेचे आराखडे करणारे नगररचनाकार पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांचा सहभाग होता.

डी. एस. सेनानायके यांचे सल्लागार या नात्याने सिलोनच्या राज्यघटनेच्या मसुद्यावर जेनिंग्ज यांचा मोठा प्रभाव पडला. या घटनेत मूलभूत हक्कांचे प्रकरण नव्हते. भेदभाव करणाऱ्या कायद्यांना मनाई करणारे कलम २९ मात्र होते. तरीही १९४८ च्या नागरिकत्व कायद्यामुळे मळ्यांत काम करणारे बहुसंख्य भारतीय वंशाचे तमिळ नागरिकत्वाला मुकले आणि प्रिव्ही कौन्सिलने १९५३ मध्ये हा कायदा वैध ठरवला.

उत्तरकाळ

१९५२ साली मद्रास विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत जेनिंग्ज यांनी भारतीय राज्यघटनेचा विस्तार व ताठरपणा यांवर टीका केली. पाकिस्तानात गव्हर्नर जनरल गुलाम मुहम्मद यांनी १९५४ मध्ये संविधान सभा बरखास्त केली, तेव्हा उद्भवलेल्या न्यायालयीन वादात ते सरकारचे सल्लागार होते. संसदेच्या सार्वभौमत्वाचा पुरस्कार करणाऱ्या अभ्यासकाची ही भूमिका टीकेचा विषय ठरली.

१९५४ पासून मृत्यूपर्यंत ते केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉल या महाविद्यालयाचे प्रमुख होते. १९६१ ते १९६३ या काळात ते केंब्रिज विद्यापीठाचे कुलगुरू होते.