गायिका हिराबाई बडोदेकर
स्त्रीने चारचौघांत गाणे घरंदाज समाजाला मान्य नव्हते, अशा काळात १९०५ साली मिरजेस हिराबाईंचा जन्म झाला. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ; आई ताराबाई. आईवडील विभक्त झाल्यावर ताराबाईंनीच मुलांना वाढविले. हिराबाईंना उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. पुढे त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. श्रोत्याने तिकीट काढावे, समोर बसावे आणि केवळ गाण्याचे मोल द्यावे, हा स्वच्छ व्यवहार त्यांनी रूढ केला. त्यातून गायिकेला समाजात मान मिळाला. आपल्या कर्नाटकात त्याच घराण्याच्या गंगूबाई हनगल यांनाही ही वाट उपयोगी पडली. १९७० मध्ये पद्मभूषण लाभलेल्या हिराबाई १९८९ मध्ये निवर्तल्या. आज मुली निर्धास्तपणे रंगमंचावर गातात, हे त्यांचे ऋण आहे.