इंदूरचे खत आणि गोव्यातले परस

माघ-फाल्गुनात गोव्यातील कोणत्याही वाड्यावरून सकाळी फेरफटका मारावा, परसापरसांतून निळसर धूर निघताना दिसतो. आंबा, फणस, काजू यांचा गळलेला पातेरा लोटून एकत्र करावयाचा आणि त्यास काडी लावावयाची, हा आमच्याकडील वार्षिक परिपाठ. त्याच परसातील लिंबाची पाने पिवळी पडलेली असतात, पपनशीला फळ धरत नाही, आणि घरधनी बाजारातून युरियाची पिशवी आणून झाडाच्या बुंध्याशी रिकामी करतो. जाळले तेही खतच आणि विकत आणले तेही खतच! या व्यवहारातील विपरीतपणा ज्या गृहस्थाने शंभर वर्षांपूर्वी ओळखला, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो गृहस्थ इंग्रज होता. त्याच्या कार्यास नाव मात्र मिळाले ते इंदूरचे.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिजला शास्त्राध्ययन करून ते वेस्ट इंडीजमध्ये वनस्पतिरोगांचे तज्ज्ञ म्हणून गेले. तेथे त्यांस आपल्या अधिकारपदातील पोकळपणा जाणवला. उसाच्या रोगांवर इतरांस उपाय सांगावयाचे, परंतु तो उपाय स्वतः करून पाहण्यास हातात जमीन नाही! १९०५ साली बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषिसंशोधन संस्थेत त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी प्रथम जमीन मागून घेतली आणि आसपासच्या शेतकऱ्यांस आपले शिक्षक मानून त्यांची शेती पाहावयास आरंभ केला. पिकावर पडणारी कीडही त्यांनी शिक्षकच मानली. कारण ती जेथे पडते तेथे जमिनीत किंवा बियाण्यात काही उणे आहे, असा त्यांचा तर्क होता. सरकारी शास्त्रज्ञाने अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या रयतेची शिकवणी धरावी, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. आजही ती सामान्य झाली आहे असे आम्हांस वाटत नाही.

त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही केंब्रिजच्या विदुषी. पतीच्या बरोबरीने त्या काम करीत होत्या. रीतसर शास्त्रज्ञाचे पद त्यांस १९१३ साली मिळाले. पुसा गव्हाच्या सुधारित जाती या दांपत्याच्या परिश्रमाचे फळ होत. त्या गव्हाने त्यांस कीर्ती दिली, परंतु आमच्या परसाच्या दृष्टीने अधिक मोलाचे काम निराळे आहे.

पुशाला त्यांनी फळझाडांची एक बाग प्रयोगासाठी राखली होती. आंबा, पेरू, लिची, सीताफळ, लिंबू अशी आपल्या ओळखीची झाडे तीत होती. पाण्याच्या बारीक फवाऱ्याने माती धुवून काढून त्यांनी त्या झाडांची मुळे उघडी केली आणि वर्षभर ऋतुमानानुसार तपासली. तेव्हा असे दिसले की, झाडाला मुळांची दुहेरी व्यवस्था असते. पावसाळ्यात वरच्या थरातील बारीक मुळे जोमाने अन्न घेतात. माती सुकू लागली की काम खोलवरच्या मुळांकडे जाते. बागेत गवत वाढू दिले तेव्हा काही झाडे खंगली. चर खणून मातीत हवा खेळवली तेव्हा हानी कमी झाली. मुळांना केवळ पाणी आणि खत पुरत नाही, त्यांस श्वासही घ्यावा लागतो, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. बुंध्याशी खताची रास घालणाऱ्यांनी आणि झाडाखाली सिमेंटचे अंगण करणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा. अन्न घेणारी बारीक मुळे बुंध्याशी नसून मुख्यतः फांद्यांच्या सावलीच्या कडेस असतात, आणि आळे तेथपर्यंत न्यावयाचे असते.

पुशाला प्रत्येक शास्त्राचे खाते वेगळे, प्रत्येक खात्याची कुंपणे वेगळी. हॉवर्ड यांस हे मानवले नाही. कापूस समितीचे व मध्य हिंदुस्थानातील संस्थानांचे साह्य मिळवून त्यांनी १९२४ साली इंदूरला स्वतंत्र संस्था उभारली. होळकर दरबाराने त्यासाठी ३०० एकर जमीन दिली. चिनी शेतकरी शतकानुशतके टाकाऊ पदार्थ जमिनीस परत देत आले आहेत, हे त्यांनी वाचले होते. त्या पद्धतीस त्यांनी शास्त्रीय शिस्त लावली. या कामात त्यांचे सहकारी होते रसायनज्ञ यशवंत वाड. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर दोघांचीही नावे आहेत. हॉवर्ड यांस पुढे १९३४ साली सर ही पदवी मिळाली आणि जगभर नाव झाले. वाडांचे नाव मात्र इंदूरबाहेरच्या किती मराठी माणसांस ठाऊक असेल?

कृती साधी होती. काडीकचरा, पाने, गुरांचे शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यात घालावयाचे, बेताने पाणी शिंपडावयाचे, आणि तीन वेळा खालीवर करावयाचे. रास तापते, मग निवते, आणि सुमारे ९० दिवसांत काळसर, मातीचा वास असलेले खत तयार होते. १९३५ साली गांधीजींनी इंदूरला जाऊन हे काम पाहिले. त्यापूर्वीच, १९३० मध्ये, गॅब्रिएल निवर्तल्या होत्या आणि १९३१ मध्ये हॉवर्ड मायदेशी परतले होते. १९४७ साली त्यांचा अंत झाला.

उत्तरायुष्यात त्यांनी आपल्या मताचा फार ताठा धरला. अशा खतावर पोसलेल्या झाडाला रोग शिवणारच नाही, हा त्यांचा दावा शास्त्राने मान्य केलेला नाही, आणि आम्हीही करीत नाही. विषाणूने खंगलेले लिंबू कंपोस्टाने बरे होत नाही. परंतु आमच्या तांबड्या, जांभ्या मातीवर वर्षाला सुमारे १२० इंच पाऊस कोसळतो. त्यात विरघळलेला युरिया ओहोळातून वाहून जातो. त्यास धरून ठेवणारा कुजलेला अंश मातीत नसेल तर पिशवीमागून पिशवी ओतूनही झाड उपाशीच राहते. प्रश्न आहे तो शेणाचा, कारण घरोघरचे गोठे ओस पडले आहेत. पण परसापुरत्या राशीस शेजारून आणलेल्या दोन-तीन टोपल्या पुरेशा होतात. बाकीचा भार पातेरा आणि स्वयंपाकघरातील साली उचलतात. पावसात खड्डा पाण्याने भरतो, म्हणून पावसाळ्यात खुद्द हॉवर्डही रास जमिनीवरच रचीत. आमच्याकडे तिच्यावर झावळ्यांचे आच्छादन घालावे. माघात ज्या पातेऱ्याला काडी लागते, त्याचीच रास घातली तर वैशाखात खत हाती येते, आणि मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी, वरची मुळे जागी होत असतानाच, ते लिंबाच्या आळ्यात पडू शकते.