वाल्देमार हाफकिन (१८६०–१९३०)

परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचे नाव लाभले, ते वाल्देमार हाफकिन ओडेसा येथील एका यहुदी कुटुंबात जन्मले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली व १८९३ साली ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उसळली. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगातील कैदी स्वेच्छेने पुढे आले. (कैद्याची स्वेच्छा ती कितपत, असा प्रश्न आज आपल्याला पडावा.) शहरात मात्र धास्ती होती. घरांच्या झडत्या आणि रुग्णालयात होणारी सक्तीची रवानगी यांमुळे सरकारी उपायांवर लोकांचा विश्वास उरला नव्हता. तेव्हा तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस घेतली. तिचा परिणाम कोणत्याही फर्मानापेक्षा अधिक झाला.

१९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीत ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला व हाफकिन निलंबित झाले. वस्तुतः बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू लावून धरली, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. पुढील नेमणूक कलकत्त्यास मिळाली. मुंबईची प्रयोगशाळा पुन्हा त्यांच्या हाती आली नाही. तिला त्यांचे नाव दिले गेले ते १९२५ साली.