इतिहासाचे शोधक : महामहोपाध्याय मिराशी

एखादी चोरी व्हावी, चोराचा मागमूस लागू नये, आणि मग एखाद्या चतुर गुप्त पोलिसाने मातीतील पाऊलखुणेवरून किंवा कागदाच्या कपट्यावरून त्याचा छडा लावावा, अशा रहस्यकथा मुलांना फार आवडतात. ही रहस्ये लेखकाने कल्पनेने रचिलेली असतात. त्यांचे उत्तर त्याला आधीच ठाऊक असते. परंतु जगात अशीही रहस्ये आहेत की, ज्यांचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते. साक्षीदार दीड-दोन हजार वर्षांपूर्वी मरण पावलेले असतात. उरलेला असतो तो एखादा झिजलेला दगड, एखादा गंजलेला ताम्रपट, किंवा मातीच्या मडक्यात सापडलेली मूठभर नाणी. एवढ्या पुराव्यावरून खरा वृत्तान्त शोधून काढणे हे इतिहाससंशोधकाचे काम होय. विदर्भाच्या प्राचीन इतिहासातील अशी अनेक कोडी महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी आयुष्यभर खपून सोडविली.

मिराशींचा जन्म १३ मार्च १८९३ रोजी कोकणातील देवगड तालुक्यात कुवळे या लहानशा गावी झाला. कोल्हापूर व पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. संस्कृत हा त्यांचा आवडीचा विषय होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात थोडा काळ अध्यापन केल्यावर १९१९ साली ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले. कोकणच्या लाल मातीतून आलेला हा तरुण पुढे विदर्भाचाच होऊन राहिला.

त्या काळी विदर्भाचा प्राचीन इतिहास फारच थोडा ज्ञात होता. चांदा जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. आज ज्याचे चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले आहेत, तो हा प्रदेश साग-बांबूच्या दाट अरण्यांनी व्यापलेला होता. चंद्रपूरचा गोंड राजांचा कोट सर्वांस माहीत होता. वैनगंगेच्या तीरावरील मार्कंडा येथील कोरीव मंदिरे व भद्रावतीजवळची विजासन लेणी लोक पाहत असत. पण गोंड राजांच्या कितीतरी शतके आधी या भूमीवर कोण राज्य करीत होते, याचे उत्तर कोणाला नीट देता येत नसे. वाकाटक नावाचे एक बलाढ्य राजघराणे होऊन गेले, एवढे पंडितांना माहीत होते. परंतु त्यांचे राज्य नेमके कोठे होते, त्यांच्या किती शाखा होत्या, यांविषयी मतभेद होते.

मिराशी संस्कृत काव्ये शिकवीत असतानाच या कोड्यांकडे वळले. प्राचीन लेख वाचण्याची विद्या सोपी नाही. दगडावरील लेखाचा प्रथम ठसा घ्यावा लागतो. दगड स्वच्छ धुऊन त्यावर ओला कागद पसरतात, ब्रशाने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवितात आणि मग वरून शाई लावतात. खाचांतील कागद पांढरा राहतो व अक्षरे उमटतात. त्यानंतर खरे काम सुरू होते. शतकाशतकाला अक्षरांची वळणे बदललेली असतात. वाकाटकांच्या बहुतेक ताम्रपटांवर तर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकोनी पेटी कोरलेली असते. अशा वळणांवरून लेखाचा काळ ठरतो. एक मात्रा चुकीची वाचली, तर एक राजा नाहीसा होतो आणि कधीही न झालेला दुसराच राजा जन्मास येतो. म्हणून हे काम करणाऱ्यास दृष्टी तीक्ष्ण आणि मन अतिशय सावध ठेवावे लागते.

ताम्रपट बहुधा शेतकऱ्यांना नांगरताना किंवा घराचा पाया खणताना सापडतात. त्यांत सोने नसते, म्हणून ते कित्येकदा कोपऱ्यात पडून राहतात. क्वचित तांबटाच्या भट्टीतही जातात. एक पत्रा वितळला की, त्याबरोबर एका राजाचे नाव, एका गावाचे नाव आणि एका काळाची साक्ष कायमची नष्ट होते. असा लेख मिळाल्याची वार्ता कळली की त्याचे वाचन करून तो विद्वानांपुढे ठेवणे, हे मिराशींनी आपले कर्तव्यच मानले.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात देवटेक नावाचे गाव आहे. तेथे एक मोठी शिळा होती. एकोणिसाव्या शतकातच तिची नोंद झालेली होती. परंतु अक्षरे झिजलेली असल्यामुळे तिचा अर्थ नीट लागला नव्हता. पुढे ती नागपूरच्या संग्रहालयात आणून ठेवण्यात आली. मिराशींनी तिचा बारकाईने अभ्यास केला. या एकाच शिळेवर दोन निरनिराळ्या काळांचे लेख होते. पहिला लेख प्राकृत भाषेत व फार जुन्या ब्राह्मी लिपीत होता. प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी ती एक राजाज्ञा होती. अक्षरांच्या वळणावरून मिराशींनी तो लेख सम्राट अशोकाच्या काळातील ठरविला. म्हणजे चंद्रपूरच्या अरण्यात, जेथे आज ताडोबाचे वाघ व हरणे सुरक्षित आहेत, त्या प्रदेशात सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीही प्राण्यांना अभय देणारी आज्ञा दगडावर कोरलेली होती.

त्या शिळेवरील दुसरा लेख संस्कृत भाषेत असून तो कित्येक शतकांनंतरचा होता. चिक्कंबुरी या ठिकाणी रुद्रसेन नावाच्या राजाचे धर्मस्थान असल्याचे त्यात सांगितले होते. चिक्कंबुरी हे गाव कोणते? मिराशींनी आजूबाजूच्या गावांची नावे पाहिली. देवटेकजवळच चिकमारा नावाचे खेडे आहे. हेच प्राचीन चिक्कंबुरी होय, असे त्यांनी दाखविले. शतके लोटली, राज्ये बुडाली; परंतु एका खेड्याने आपले नाव थोड्या फरकाने जपून ठेवले होते.

या लहानशा शोधाचा परिणाम मात्र मोठा झाला. प्रयागच्या शिलास्तंभावर सम्राट समुद्रगुप्ताच्या विजयांचे वर्णन आहे. त्याने उत्तर भारतातील ज्या राजांचा उच्छेद केला, त्यांत रुद्रदेव नावाचा एक राजा आहे. काशीप्रसाद जयस्वाल या नामवंत इतिहासकारांचे मत असे होते की, हा रुद्रदेव म्हणजेच वाकाटक राजा पहिला रुद्रसेन होय. हे मत खरे मानले तर वाकाटकांचे राज्य उत्तरेकडे होते आणि त्यांचा राजा समुद्रगुप्ताच्या हातून नष्ट झाला, असे म्हणावे लागेल. मिराशींनी देवटेकच्या शिळेची साक्ष काढली. ज्या रुद्रसेनाचे धर्मस्थान चंद्रपूरच्या प्रदेशात होते, तो विंध्याच्या दक्षिणेस राज्य करीत होता. त्याची गणना उत्तरेच्या राजांत कशी होईल? जयस्वालांची विद्वत्ता मोठी होती, परंतु मिराशींनी व्यक्तीच्या मोठेपणापेक्षा पुराव्याला अधिक मान दिला. आदर राखून त्यांनी ते मत खोडून काढले. वाकाटक हे विदर्भाचे राजे होते, ही गोष्ट त्यामुळे अधिक स्पष्ट झाली.

१९३९ साली वाशीम येथे एक ताम्रपट सापडला. त्याचा काही भाग संस्कृतात व काही प्राकृतात होता. तो विंध्यशक्ती नावाच्या वाकाटक राजाने वत्सगुल्म येथून दिलेला होता. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. या राजाने आपल्या पित्याचे नाव सर्वसेन असे दिले होते. सर्वसेन हा सम्राट प्रवरसेनाचा पुत्र. परंतु वाकाटकांच्या त्या वेळच्या ज्ञात वंशावळीत त्याचे नाव कोठेच नव्हते. मग हा राजा आला कोठून?

मिराशींनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेख पुन्हा काळजीपूर्वक तपासला. वराहदेव नावाच्या प्रधानाने कोरविलेल्या त्या लेखात वाकाटक राजांची परंपरा दिलेली आहे. पाण्याने व काळाने त्याची अक्षरे फार खराब झाली होती. पूर्वीच्या थोर विद्वानांनी एका जागी रुद्रसेन असे नाव वाचले होते. मिराशींना दिसून आले की, तेथे सर्वसेन हेच नाव आहे. तेव्हा वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वाशीम येथे नांदत होती आणि अजिंठ्याची काही अप्रतिम लेणी त्याच शाखेच्या काळात निर्माण झाली, हे उघड झाले. अजिंठ्याच्या भिंतीवर सर्वसेनाचे नाव पंधराशे वर्षे होते. ते ओळखणारा डोळा मात्र आता मिळाला.

त्याच १९३९ साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळे या गावी सातवाहन राजांची दीड हजारांहून अधिक नाणी सापडली. मिराशींनी त्या नाण्यांचा अभ्यास केला. पुराणांतील याद्यांत नसलेली कित्येक सातवाहन राजांची नावे त्यांवर मिळाली. अशा रीतीने दगड, तांबे आणि नाणी या तिन्ही प्रकारच्या साक्षीदारांना त्यांनी बोलते केले.

हे सर्व काम ते शिकविण्याचे काम सांभाळून करीत. नागपूरचे मॉरिस कॉलेज व अमरावतीचे विदर्भ महाविद्यालय यांचे प्राचार्यपदही त्यांनी भूषविले. १९४१ साली त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. प्राचीन कोरीव लेखांच्या सरकारी ग्रंथमालेत त्यांनी तीन थोर ग्रंथांची भर घातली. कलचुरी राजांच्या काळाचे लेख १९५५ साली, वाकाटकांचे १९६३ साली आणि शिलाहारांचे १९७७ साली प्रसिद्ध झाले. शेवटचा ग्रंथ निघाला तेव्हा त्यांचे वय चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. १९७५ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

आपले संशोधन केवळ पंडितांपुरते राहू नये, अशी त्यांची दृष्टी होती. त्यांनी इंग्रजीत लिहिले, तसे मराठीतही विपुल लिहिले. कालिदासावरील त्यांचा मराठी ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. संशोधन-मुक्तावलीच्या अनेक भागांतून त्यांनी आपले लेख मराठी वाचकांच्या हाती दिले. मेघदूतातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक होय, हे मत त्यांनी साधार मांडले.

त्यांची सर्वच मते पुढील काळात जशीच्या तशी राहिली असे नाही. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातील पवनार, असे त्यांनी प्रतिपादिले होते. पुढे रामटेकजवळील मनसर येथे उत्खनन झाले, तेव्हा प्रवरपूर तेथे असावे, असे काही अभ्यासकांना वाटू लागले. यात मिराशींचा कमीपणा नाही. जुन्या मताला नवा पुरावा मिळाला की त्याची पुन्हा पारख करावयाची, हाच तर संशोधनाचा धर्म आहे. मिराशींनी स्वतः आपल्या पूर्वसूरींच्या मतांची अशीच पारख केली होती.

३ एप्रिल १९८५ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, महामहोपाध्याय मिराशींचे निधन झाले.

गतकाळावर रहस्यकथा रचणाऱ्या लेखकाला कल्पनेचे पंख असतात. जेथे पुरावा नाही तेथेही तो उडू शकतो. संशोधकाला ती मोकळीक नाही. जेथे अक्षर पुसले आहे, तेथे त्याला जागा मोकळी सोडावी लागते. परंतु गोष्टीतला राजा पुस्तक मिटताच दृष्टिआड होतो, आणि संशोधकाने शोधलेला राजा खरोखरच या मातीवर वावरून गेलेला असतो. देवटेकच्या शिळेवरची अक्षरे आजही झिजलेलीच आहेत. तथापि चिकमारा गावाच्या वाटेने जाणाऱ्या मुलाला आता इतके तरी सांगता येईल की, या गावाचे नाव एका वाकाटक राजाने दगडावर कोरविले होते, आणि एका पंडिताने ते पुन्हा वाचून दाखविले.