पुराचा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्चाच्या वह्या हेच माझे विश्व. तरीही अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मला आपले वाटतात. मुद्देनहळ्ळीचे हे कन्नडभूमीचे सुपुत्र पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले आणि १८८४ साली मुंबई इलाख्यात नोकरीस लागले. खडकवासल्याच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवून त्यांनी धरणाचा साठा वाढविला.

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो माणसे बळी घेतली. आमचा आदिलाबाद जिल्हाही तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. निजाम सरकारने १९०९ साली विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. केवळ काठ उंच करून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. वरच्या खोऱ्यात पाऊस किती झाला, तलाव किती फुटले, याचे आकडे त्यांनी आधी जमविले. मग शहराच्या वरच्या अंगाला दोन जलाशय सुचविले. पुढे उस्मानसागर व हिमायतसागर उभे राहिले. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली ते निवर्तले.

ताळेबंद जुळला नाही की मी बेरीजच पुन्हा पुन्हा करीत असे. आता आधी मूळ नोंदी तपासतो. चूक बहुधा तिथेच सापडते.