तर्काचा तराजू आणि इमाम गझाली

ईश्वर आहे की नाही, हे तर्काने सिद्ध करता येईल का? हा प्रश्न आजच्या विज्ञानयुगाचा वाटतो. परंतु नऊशे वर्षांपूर्वी बगदादमधील एका विद्वानाने तो इतक्या गांभीर्याने घेतला की त्यापायी वाचा गेली, मानाचे पद सुटले आणि दहा-अकरा वर्षे एकांतात काढावी लागली. ते विद्वान म्हणजे इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (र.अ.).

त्यांचा जन्म इराणच्या खुरासान प्रांतातील तूस येथे इ.स. १०५८ मध्ये, म्हणजे हिजरी ४५० मध्ये झाला. वडील लोकर कातून विकत, असे चरित्रकार सांगतात. त्यांचे स्वतःचे शिक्षण झाले नव्हते. मुलांनी तरी शिकावे, ही त्यांची तळमळ. मृत्यूपूर्वी त्यांनी मुहम्मद आणि धाकटा अहमद या दोघांना एका सूफी मित्राच्या हवाली केले. ठेवलेले पैसे संपले, तेव्हा त्या गरीब मित्राने मुलांना मदरशाची वाट दाखवली. तिथे विद्येबरोबर दोन वेळचे अन्नही मिळत असे.

त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग सांगितला जातो. प्रवासात दरोडेखोरांनी त्यांना लुटले. तरुण गझालींनी बाकी सारे सोडून फक्त अभ्यासाच्या टिपणांची पिशवी परत मागितली. पिशवी गेल्याने जर विद्या जाते, तर ती विद्या कसली, असे म्हणून सरदार हसला आणि त्याने ती परत केली. गझालींना ते लागले. पुढची तीन वर्षे त्यांनी सारी टिपणे मुखोद्गत केली.

नंतर निशापूरला इमाम जुवैनी यांच्याकडे ते धर्मशास्त्र, वादशास्त्र आणि तर्कशास्त्र शिकले. १०८५ मध्ये गुरू वारले. सेल्जुक सुलतानाचे वजीर निजाम-उल-मुल्क यांनी गझालींची विद्वत्ता हेरली आणि १०९१ मध्ये त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. वय अवघे तेहतीस. समोर तीनशे विद्यार्थी बसत.

मनात मात्र एक जुना काटा होता. आपण जे मानतो ते खरे कशावरून? डोळ्यांना तारा नाण्याएवढा दिसतो. गणित सांगते की तो पृथ्वीहून मोठा आहे. डोळे फसवतात हे बुद्धीने दाखवले, तर बुद्धीही फसवत नसेल कशावरून? स्वप्नातही सारे खरेच वाटते, जाग आल्यावर ते कळते. या संशयाने त्यांना दोन महिने ग्रासले. बुद्धीचा खरेपणा सिद्ध करायचा तर तो बुद्धीनेच करावा लागणार. म्हणजे ज्या तराजूवर शंका, त्याच तराजूत तराजू तोलण्यासारखे. या कोंडीतून आपण युक्तिवादाने सुटलो नाही, अल्लाहने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशाने सुटलो, असे त्यांनी पुढे आत्मकथनात नमूद केले.

बगदादमध्ये शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी फाराबी आणि इब्न सीना यांचे तत्त्वज्ञान गुरूविना अभ्यासले. दोन वर्षे वाचन आणि एक वर्ष चिंतन. मग ‘तहाफुत-उल-फलासिफा’ हा ग्रंथ लिहून त्यांच्या वीस सिद्धांतांची झडती घेतली. त्यातला चौथा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. विश्व अनादि आहे असे मानणाऱ्यांना विश्वाचा निर्माता सिद्ध करता येत नाही, असे त्यांनी दाखवले. म्हणजे ईश्वरावर नितांत श्रद्धा असलेला हा माणूस ईश्वराच्या बाजूचा कच्चा पुरावाही खपवून घेत नव्हता. त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला त्यांनी बजावले, की ग्रहणाचे गणित धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस धर्माचे शत्रूपेक्षा अधिक नुकसान करतो.

त्यांचा स्वतःचा युक्तिवाद वेगळ्या ग्रंथात आहे. ज्याला आरंभ आहे त्याला कारण असते. विश्वाला आरंभ आहे. म्हणून विश्वाला कारण आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गांत या युक्तिवादावर आजही वाद होतात.

पण पुरावा हाती आला म्हणून मन शांत होते का? १०९५ मध्ये त्यांना जाणवले की आपली सारी धडपड कीर्तीसाठी चालली आहे. सकाळी बगदाद सोडायचे ठरवावे, संध्याकाळी मन फिरावे, असे सहा महिने गेले. अखेर एके दिवशी वर्गात जीभच उचलेना. घास गिळवेना. वैद्यांनी हात टेकले. दुखणे मनाचे आहे, असे सांगितले. देव आहे हे तीनशे जणांना पटवू शकणारा आचार्य त्याच देवापुढे मुका उभा होता.

कुटुंबापुरते ठेवून त्यांनी उरलेली संपत्ती वाटली आणि मक्केला जातो असे सांगून दमास्कस गाठले. तिथल्या उमय्यद मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवसचे दिवस चिंतन करत. पुढे जेरुसलेम, मग हज, आणि शेवटी तूसला घरी. आरोग्याची व्याख्या पाठ असलेला वैद्य स्वतः आजारी असू शकतो, हे त्यांचेच उदाहरण. व्याख्या खोटी नसते, पण तेवढ्याने ताप उतरत नाही.

या काळात ‘इह्या-उल-उलूम’ हा चाळीस प्रकरणांचा ग्रंथ आकाराला आला. त्यात रोजावर स्वतंत्र प्रकरण आहे. रोजाच्या तीन पायऱ्या ते सांगतात: पहिली पोटाची आणि वासनेची, दुसरी डोळे, कान, जीभ, हात-पाय यांची, तिसरी अंतःकरणाची, जिथे अल्लाहखेरीज दुसरा विचार शिरत नाही.

तरीही तर्क त्यांनी फेकून दिला नाही. ११०६ मध्ये आग्रहावरून ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले आणि उतारवयातील कायदेशास्त्राच्या ग्रंथालाही त्यांनी तर्कशास्त्राचीच प्रस्तावना जोडली. डिसेंबर ११११ मध्ये तूसला त्यांचे निधन झाले. पुढे कॉर्डोबाच्या इब्न रुश्द यांनी त्यांच्या टीकेचे तितक्याच तर्ककठोरपणे खंडन केले. तो वाद मिटला नाही, आणि दोन्ही ग्रंथ आजही वाचले जातात.

गझालींनी तर्काला त्याच्या जागी बसवले. खोटा पुरावा ओळखायला तो हवाच, मग तो पुरावा आपल्या बाजूचा का असेना. पण रोजा म्हणजे काय, हे सांगून जेवढे कळते त्याहून पुष्कळ अधिक तो धरल्यावर कळते. ईश्वराच्या बाबतीतही त्यांना हेच उमगले होते.