तुरुंगात गेलेली स्फटिकशास्त्रज्ञ

मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, तरी बेंझिनचा षट्कोन लक्षात राहिला. तो सपाट आहे हे स्फटिकावरून सिद्ध करणाऱ्या बाई महिनाभर तुरुंगात होत्या, हे वाचले तेव्हा मी चकितच झाले.

कॅथलीन लॉन्सडेल यांचा जन्म १९०३ साली आयर्लंडमध्ये झाला. दहा भावंडांतील त्या शेंडेफळ. वडील पोस्टमास्तर, घरची गरिबी. १९०८ मध्ये आई मुलांना घेऊन इंग्लंडला आली. मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान नव्हते, म्हणून ही मुलगी त्यासाठी मुलांच्या शाळेत जाऊन बसे. पदवीनंतर विल्यम हेन्री ब्रॅग यांनी तिला आपल्या संशोधकांत घेतले.

बेंझिनमधील सहा कार्बन-अणूंचे कडे सपाट की नागमोडी, हा तेव्हाचा वाद. लीड्स येथे इंगोल्ड यांनी दिलेल्या हेक्झामेथिलबेंझिनच्या स्फटिकांवर बाईंनी क्ष-किरण सोडले. परतणाऱ्या किरणांची दिशा आणि तीव्रता मोजून अणूंच्या जागा काढायच्या, आणि ती सारी आकडेमोड हाताने! १९२९ साली सविस्तर उत्तर प्रसिद्ध झाले: कडे सपाट. पुढे मुले लहान असताना ही आकडेमोड घरीच चाले.

त्या क्वेकर पंथाच्या, युद्धविरोधी. महायुद्धात नागरी संरक्षणासाठी नावनोंदणीची सक्ती झाली. लहान मुलांची आई म्हणून त्यांना सूट मिळालीच असती. नुसते नाव नोंदवायचे होते. त्यांनी नोंदवले नाही, दंडही भरला नाही. १९४३ मध्ये हॉलोवे तुरुंगात महिनाभर राहिल्या. खरे सांगते, प्रथम मला हा हट्ट वाटला. बॉम्ब पडत असताना नोंदणीला विरोध कशाला? पण काम त्यांना टाळायचे नव्हतेच. त्या कायद्यात सदसद्विवेकबुद्धीला जागा नव्हती, हा त्यांचा आक्षेप होता. तरीही माझी शंका पुरती फिटलेली नाही. तुरुंगातही त्यांनी संशोधनाचे काम चालू ठेवले, आणि सुटल्यावर तुरुंग-सुधारणेचे काम अंगावर घेतले.

दोनच वर्षांनी, १९४५ साली, रॉयल सोसायटीने प्रथमच स्त्रियांना सदस्यत्व दिले. त्या दोघींपैकी एक लॉन्सडेल, दुसऱ्या मार्जरी स्टीफन्सन. १९६७ मध्ये उल्केत सापडलेल्या षट्कोनी हिऱ्याला लॉन्सडेलाइट हे नाव मिळाले. १९७१ मध्ये त्या वारल्या.

कार्बनचा पोकळ चेंडू, फुलरीन, १९८५ साली सापडला. तो पाहायला त्या नव्हत्या. १९९५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ८२ कार्बन-अणूंच्या पिंजऱ्यात यिट्रियमचा अणू खरोखर आतच आहे, हे क्ष-किरणांनीच दाखवले. तो अणू मध्यभागी नाही, एका बाजूला सरकलेला आहे.